आईच्या चहात वीस ग्रॅम प्रथिनं

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला पुन्हा नीट चालतं करायचं तर दोन गोष्टी लागतील, असं डॉक्टर म्हणाले: रोजचा व्यायाम आणि पोटात पुरेशी प्रथिनं. व्यायामाचं फिजिओथेरपीच्या बाईंनी अंगावर घेतलं. प्रथिनांचं माझ्याकडे आलं, कारण निवृत्त झाल्यापासून घरातला निम्मा स्वयंपाक मीच करतो.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वजन 52 किलो. शुद्ध शाकाहारी. कवळीमुळे उसळी मागे पडल्या, सोयाबीनच्या वड्या तिच्या मते खायची वस्तूच नाही, आणि पनीर आणलं की विचारते, ‘‘कोण येणार आहे?’’ राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हातारपणी स्नायू झिजत असतात, म्हणून बरेच तज्ज्ञ वयस्कांसाठी 1 ते 1.2 ग्रॅम धरतात. म्हणजे आईला 52 ते 62 ग्रॅम. कॅलेंडरच्या पाठीमागे तिचं दिवसभराचं खाणं मांडलं: दोन पोळ्या म्हणजे सहा-सात ग्रॅम, वाटीभर पातळ आमटीचे चार-पाच, चिमणीएवढा भात, सकाळचे पोहे किंवा उपमा, दही, ताक, चहातलं दूध. कितीही उदार हातानं मांडलं तरी बेरीज पस्तिशीच्या पुढे सरकेना.

डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडर आणली. (आधी क्रिएटिनिन तपासून घेतलं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला परस्पर प्रथिनं वाढवून द्यायची नसतात, हे इथंच सांगून ठेवतो.) थंड दुधात ढवळून आईपुढे ठेवली. तिनं वास घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘‘तू पी. तुझीच तब्येत उतरलीय.’’

आई एक वेळ जेवण टाळेल, चहा टाळणार नाही. तेव्हा जायचं तर चहाच्या वाटेनंच. भाची पुण्यात असते, जिमला जाते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. ‘‘मामा, इथं कॅफेत प्रोटीन चाय लाटे मिळतो. अडीचशे-तीनशे रुपये घेतात. तू घरी कर की.’’ लाटे म्हणजे मुळात वाफेनं फेसाळलेलं दूध घातलेली कॉफी. परदेशी कॅफेवाल्यांनी कॉफीच्या जागी आपला मसाल्याचा चहा घातला, त्याचा झाला चाय लाटे. आता त्यात प्रोटीन. आपलाच चहा असा फिरून घरी यायचा होता म्हणायचा.

डब्यावर लिहिलेलं करणं सोपं होतं: थंड पाण्यात किंवा दुधात घाला, हलवा, प्या. गरम पेयाबद्दल अक्षर नाही. म्हणून एका पातेलीत साधा दुधाचा चहा उकळत ठेवला आणि तो वर आलेला असतानाच मुद्दाम चमचाभर पावडर टाकून पाहिली, काय होतं ते कळावं म्हणून. बघता बघता चहाचा रंग फिकटला आणि त्यात पांढुरके कण फिरायला लागले. गाळणीत ओतलं तर जाळीवर चहापुडीच्या थरात मऊ, रबरासारखे तुकडे अडकून बसले. चमच्यानं दाबले तरी फुटेनात. खाली जो चहा गळला त्यात नावालाही दाटपणा नव्हता. घातलेल्या पावडरीतला बराच भाग गाळणीतच राहिला होता.

याचं कारण दुधातच आहे. गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं आणि 20 टक्के व्हे. पनीर करताना जे कापडात राहतं ते मुख्यतः केसिन, आणि जे हिरवट पाणी गळून जातं त्यात व्हे. बाजारातली बहुतेक प्रोटीन पावडर अशाच, चीज करताना निघणाऱ्या पाण्यातून काढलेली असते. केसिन उकळीला दाद देत नाही, म्हणून तर बासुंदी तासभर आटवली तरी फाटत नाही. व्हेचं तसं नाही. साधारण 70 अंशांच्या पुढे त्याच्या रेणूंच्या गुंडाळ्या उलगडतात आणि ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. दुधात ते थोडं असतं आणि सोबत भरपूर केसिन असतं, म्हणून निभावतं. नुसतं व्हे मूठभर उकळत्या चहात पडलं की निभावत नाही.

लोक म्हणतात, गरम केलं की प्रोटीन मरतं. तसं काही होत नाही. रेणूची घडी मोडते, त्यातली अमिनो आम्लं तीच राहतात, आणि उकडलेलं अंडं ज्या पोटात पचतं त्याच पोटात हेही पचतं. बिघडतं ते तोंडाला लागणं. पण आईच्या बाबतीत सगळा प्रश्न तोंडाचाच होता.

आईची स्वतःची सूचना होती फुटाण्याच्या पिठाची. ‘‘डाळं दळून घाल, त्यात काय नसतं?’’ मुद्दा चुकीचा नव्हता. हरभऱ्याच्या डाळीत शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. पण पिठात पिष्टही असतं, आणि ते गरम पाण्यात फुगतं. दोन चमचे पीठ घालून ढवळलेला चहा तिला दिला. तिनं एक घोट घेतला, कपात बघितलं आणि म्हणाली, ‘‘याला फोडणी द्यायची राहिली.’’ तो विषय तिथं संपला. वाटाण्याची प्रोटीन पावडर भाचीनं नमुन्याला पाठवली होती, तीही खरखरीत लागली. ज्यांना दूध चालत नाही त्यांना तीच घ्यावी लागेल. त्यांनी मसाला जास्त घालावा आणि शेवटचा घोट कपात सोडून द्यावा.

उपयोगी पडली ती साधी साय काढलेल्या दुधाची पावडर. तिच्यात शंभर ग्रॅममागे 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि ती दुधासारखीच, म्हणजे बहुतेक केसिन. उकळली तरी चालते. चहा दाट होतो, चवीला ओळखीचा राहतो, आणि व्हेच्या मानानं फार स्वस्त. मग सगळा भार तिच्यावरच का टाकला नाही? कारण त्या पावडरीचा निम्मा भाग दुधातली साखर असते. वीस ग्रॅम प्रथिनं नुसत्या तिच्यातून काढायची तर कपात रबडी होईल, आणि दुधानं ज्यांचं पोट गुरगुरतं त्यांचे हाल. तेव्हा दोघींची वाटणी केली: दूध पावडर उकळीत, व्हे गॅस बंद झाल्यावर.

व्हे किती गरम चहात घालायचं हा पुढचा प्रश्न. थर्मामीटर घेऊन चहा करणं आमच्या घरात शोभलं नसतं. त्यापेक्षा हिशोब सोपा आहे. फ्रीजमधलं दूध आठेक अंशांवर असतं, नुकताच गाळलेला चहा नव्वदीच्या थोडा वर. अर्धा कप थंड दुधात पावडर घोळवून त्यावर पूर्ण कप गरम चहा ओतला की मिश्रण 65 अंशांच्या खालीच राहतं. व्हे गोळा होत नाही, आणि चहा पिण्याइतका गरम असतो. मात्र ओतायचं थंडावर गरम, बारीक धारेनं, ढवळत. उलट केलं, म्हणजे गरम चहात ते थंड मिश्रण सोडलं, की पहिली धार सरळ नव्वद अंशांत पडते आणि कण दिसायला लागतात.

आता आलं. आमच्याकडे आल्याशिवाय चहा होत नाही, आणि दुधाच्या बाबतीत आलं खोडकर. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. चीनच्या ग्वांगडाँग भागात त्याचाच उपयोग करून गोड पदार्थ करतात; आल्याच्या रसावर गरम दूध ओतायचं, ते काही मिनिटांत खरवसासारखं थिजतं. आपल्याला चहात ते नको. उकळीनं हे विकर निकामी होतं. म्हणून ठेचलेलं आलं पहिल्यापासून आधणात, दूध पडण्याआधी चांगलं तीन-चार मिनिटं खळखळलं पाहिजे. वरून किसून ताजं आलं घालायची सवय असेल तर या चहात ती सोडावी. दूध जास्त, तापमान कमी, म्हणजे फाटायला सगळी सोय.

चवीचा एक प्रकार मला आधी उलगडत नव्हता. नेहमीइतकीच चहापूड, नेहमीइतकाच मसाला, तरी चहा मिळमिळीत. चहाच्या कडवट-तुरट टॅनिनना दुधातली प्रथिनं पकडून ठेवतात. दुधाचा चहा कोऱ्या चहाइतका तुरट लागत नाही तो याचमुळे. प्रथिनं तिप्पट-चौपट केली की ती चहाचा कडकपणाही त्याच प्रमाणात खाणार. तेव्हा चहापूड दीडपट आणि मसालाही दीडपट. चहापूडही दाणेदार, कडक सीटीसी. सुवासिक पानाचा दार्जिलिंग यात वाया जातो.

मसाला घरी कुटतो. सुंठ 20 ग्रॅम, वेलची 15, मिरी आणि दालचिनी प्रत्येकी 5, लवंग जेमतेम 2 ग्रॅम, पाव जायफळ किसून. वेलची सालासकट. हे प्रमाण आमच्या रोजच्या मसाल्यापेक्षा वेगळं आहे, आणि ते पावडरीच्या वासामुळे. व्हेला एक ओलसर, शिळ्या दुधासारखा वास असतो. वेलची आणि जायफळ तो झाकतात. लवंग मात्र तो उघडा पाडते; का ते ठाऊक नाही, पण लवंग वाढवली की आई घोट घ्यायच्या आधीच नाक मुरडते. गवती चहाची दोन पाती आधणात टाकली तर उत्तम, पावसाळ्यात कुंडीत भरपूर असतात.

आता सगळं ओळीनं सांगतो. एक कप म्हणजे दीडशे मिलिलिटर धरा.

पाऊण कप पाणी आधणाला ठेवायचं, त्यात अर्धा इंच आलं ठेचून, पाव चमच्याहून थोडा जास्त मसाला, गवती चहा. उकळी आल्यावर दीड चमचा चहापूड. रंग चांगला उतरेपर्यंत उकळू द्यायचं. पाणी थोडं आटतं, ते बरंच. तोवर अर्धा कप दुधात दोन चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, दूध पावडर गुठळ्या मोडून कालवायची. कोरडी पावडर आधणात टाकू नये, तळाशी बसते आणि पातेल्याला लागते. हे दूध पातेल्यात ओतून दोन उकळ्या आणायच्या, साखर घालायची, गॅस बंद.

दुसरीकडे आणखी अर्धा कप फ्रीजमधलं दूध झाकणाच्या बरणीत घेऊन त्यात 15 ग्रॅम व्हे घालून बरणी हलवायची. चमच्यानं ढवळत बसलं तर गोळ्या राहतात, बरणीत अर्ध्या मिनिटात एकजीव होतं. हे मोठ्या कपात किंवा तांब्यात ओतायचं आणि त्यावर गाळणीतून चहा, हळूहळू, ढवळत.

गूळ हवा असेल तर तो सगळ्यात शेवटी, कपात. गुळाचा चहा उकळताना फाटतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथं प्रथिनं जास्त, तेव्हा भीतीही जास्त. आणि साखर घालण्याआधी पावडर चाखून बघावी. व्हॅनिला किंवा चॉकलेटची पावडर इतकी गोड असते की चहाला साखर लागतच नाही, पण व्हॅनिलाचा मसाल्याशी सतत झगडा चालू असतो. बिनस्वादाची घ्यावी. मिळायला जरा शोधावी लागते.

हिशोब: 15 ग्रॅम व्हेमधून अकरा-बारा ग्रॅम, दूध पावडरीतून पाच, कपभर दुधातून पाच. म्हणजे वीस पार. आईच्या दिवसाची पस्तिशी पंचावन्नपर्यंत गेली, तेही एक घास न चावता. भांडं मात्र मोठं लागतं. हा चहा दीड कप होतो.

डब्यावरचे आकडे वाचताना जरा थांबावं. ‘एका स्कूपमध्ये 24 ग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण स्कूप 30 ग्रॅमचा की 40 चा, ते खाली बारीक अक्षरात. शंभर ग्रॅममागचा आकडा बघावा. व्हे कॉन्सन्ट्रेट असेल तर तो सत्तर-ऐंशीच्या घरात असतो, आयसोलेट, म्हणजे आणखी शुद्ध केलेलं व्हे असेल तर नव्वदीच्या. आयसोलेटमध्ये दुधातली साखर जवळजवळ नसते, म्हणून ज्यांना दूध सोसत नाही ते ते घेतात. आपण कपभर दूध घालणारच आहोत, तेव्हा ते जादा पैसे कशाला द्यायचे? आणि ज्या माल्टच्या पेयांवर मुलं उंच उडी मारताना दाखवतात, त्यांच्या डब्यावरचा साखरेचा आकडा प्रथिनांच्या वर असतो का, तेवढं बघून मग विकत घ्यावं.

सकाळचा पहिला चहा असा करायचा माझा बेत होता. तो आईच्या थायरॉइडच्या गोळीनं मोडला. ती गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि दूध, कॅल्शियम जवळपास असलं की तिचं शोषण घटतं. रक्तवाढीच्या गोळीचं वैर चहाशी: टॅनिन लोहाला अडकवून ठेवतात, म्हणून ती गोळी जेवणानंतर घेतली तर चहा तासाभरानं. दिवसभराची ही सगळी कवायत मांडल्यावर मोकळी वेळ उरली दुपारी चारची. ती उलट सोयीची निघाली. साडेचारला फिजिओच्या बाई येतात. खुर्चीतून न धरता दहा वेळा उठणं-बसणं करून घेतात. पोटात काहीतरी असलेलं बरं. शिवाय चारच्या चहाबरोबर जी दोन खारी बिस्किटं जायची ती आपोआप एकावर आली, कारण दीड कपानं पोट भरतं.

फेसाचं सांगायचं राहिलं. लाटे म्हटलं की वर फेस हवा असं भाचीचं म्हणणं, आणि तिनं दिवाळीला येताना सेलवरचं फेस काढायचं छोटं यंत्र आणलं. व्हेचा फेस फार सुरेख येतो. प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती पडदा धरतात, आणि दुधात स्निग्धांश कमी असेल तर आणखी. टोन्ड दुधात 3 टक्के असतो, फुल क्रीममध्ये 6. फेसाला टोन्डच बरं, चवीला फुल क्रीम. भाचीनं कपावर दोन बोटं उंच फेस काढला, वर दालचिनी भुरभुरली, फोटो काढला आणि आजीपुढे ठेवला.

आई चहा बशीत ओतून पिते. तिनं कप वाकडा केला, तर बशीत आला नुसता फेस. तिनं तो बोटानं बाजूला सारला, खाली चहा आहे का बघितलं.

‘‘अगं, साबण धुवायचा राहिलाय याला.’’

‘‘आजी, त्याचेच पैसे घेतात तिकडे!’’

‘‘घेऊ देत. मला खालचा दे.’’

तेव्हापासून आमच्याकडे दोन प्रकार आहेत. आईचा बिनफेसाचा, चिनी मातीच्या कपात. कप आधी गरम पाण्यानं विसळून घेतो, कारण साठ-पासष्ट अंशांचा चहा गार कपात ओतला की तिच्या भाषेत तो ‘कोमट काढा’ होतो. दुसरा भाची आल्यावर, फेसाचा.

गार झालेला चहा आई सवयीनं पुन्हा गॅसवर ठेवते. या चहाला ते चालत नाही. पुन्हा उकळला की तळापासून कण वर येतात. म्हणून तिच्यासाठी एकदम दीड कप न भरता आधी एक कप देतो आणि उरलेला थर्मासमध्ये. व्हेचा डबाही पावसाळ्यात नीट सांभाळावा लागतो. ओला चमचा गेला की आत दगड होतात. डब्यातला स्कूप बाहेर काढून ठेवला आणि कोरडा चमचा दोरीनं झाकणाला बांधला.

थर्मासमधूनही उरलाच तर तो फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी मी बर्फ घालून पितो. चव चांगली लागते, खरं तर गरमपेक्षा चांगली. आईला एकदा घोटभर देऊ केला. ती म्हणाली, ‘‘औषध म्हणून दे, पिते. चहा म्हणून देऊ नकोस.’’